मधमाशी नसलेला वसंत: दोन गोष्टी आणि एक खरं खोरं

पर्यावरणाच्या विनाशावरच्या कथा-कादंबऱ्या भविष्याबद्दल असतात, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की पुष्कळदा त्या होऊन गेलेल्या गोष्टींबद्दल असतात. मधमाशांचंच उदाहरण घेऊ.

१९६२ साली रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. पुस्तक विज्ञानाचं, पण पहिलं प्रकरण चक्क एक गोष्ट आहे. अमेरिकेतलं एक गाव. पक्षी गप्प झालेत. सफरचंदाला बहर आलाय, पण मधमाशी नाही. म्हणजे फळ धरणार नाही. असं गाव प्रत्यक्षात नाही, हे कार्सनबाई तिथेच सांगून टाकतात. पण यातलं प्रत्येक संकट कुठे ना कुठे घडलेलं आहे, हेही सांगतात.

आता गंमत बघा. त्याच वर्षी मॉन्सॅन्टो या रसायन कंपनीने आपल्या मासिकात उलटी गोष्ट छापली. कीटकनाशकंच नसतील तर? किडी पिकं फस्त करतात, रोगराई पसरते. म्हणजे भीतीला उत्तर भीतीनंच! पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर जवळपास पूर्ण बंदी आली. ती बघायला कार्सनबाई नव्हत्या. १९६४ सालीच त्या गेल्या.

मग खरं काय घडलं? त्यासाठी चीनच्या सिचुआन प्रांतात जाऊ. तिथल्या हान्युआन भागात १९८०च्या दशकापासून शेतकरी नाशपातीच्या झाडांवर चढून, काठीला बांधलेल्या पिसांनी फुलाफुलाला पराग लावत आले. कारण नुसतं विष नव्हतं. जास्त भावाच्या एकाच जातीच्या बागा लावल्या गेल्या, आणि त्या जातीला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. त्यात फवारणी इतकी, की मधपाळ पेट्या आणायला तयार होईनात. विष आणि बाजार, दोन्ही एकत्र आले.

२०१५ मध्ये नॉर्वेच्या माया लुंडे यांची मधमाशांवरची कादंबरी आली. तिच्यातली एक बाई सिचुआनमध्ये हाताने परागीभवन करते, साल २०९८! लेखिकेचं भविष्य म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांचं रोजचं काम.

फरक शेवटात आहे. कादंबरीत जग कोसळतं. सिचुआनच्याच माओशियानमध्ये सफरचंदासाठी हेच चालायचं. तिथे मजुरी वाढली, परवडेना, आणि अनेकांनी सफरचंद सोडून दुसरी पिकं धरली. मधमाशी फुकट करत होती त्या कामाला दर लागला, इतकंच. त्याची बातमीही होत नाही.

योगायोगाने त्याच १९६२ साली आपल्या पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आज आपल्याकडेही डाळिंबाला, कांद्याच्या बियाण्याला शेतकरी भाड्याने पेट्या आणतात. म्हणजे दर इथेही लागलाय. तेव्हा कादंबरीतल्या २०९८ची वाट बघू नका. फवारणीच्या भीतीने मधपाळ पेटी द्यायला नाही म्हणू लागला, की समजा, हान्युआन जवळ आलं.