गोधडीची रिंग व चौकट

गोधडीची रिंग व चौकट ही हाताने गोधडी किंवा रजई शिवताना कापडाचे थर एकमेकांवर सपाट व स्थिर राहावेत, यासाठी वापरली जाणारी साधने आहेत. रिंग म्हणजे एकात एक बसणारी दोन कडी. चौकट म्हणजे चार दांड्यांचा सांगाडा. महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडी या दोन्हींशिवाय, जमिनीवर पसरून शिवली जाते. मधे कापूस किंवा कृत्रिम तंतूंचा थर असलेल्या रजईच्या हातशिवणीत मात्र त्यांचा वापर सर्रास होतो.

पार्श्वभूमी

गोधडी जुन्या सुती कापडाच्या थरांची असते. दुलई किंवा गादीप्रमाणे तिच्यात कापूस भरलेला नसतो. भोर व राजगड (पूर्वीचे नाव वेल्हे) तालुक्यांत, तसेच नीरा नदीपलीकडच्या सातारा जिल्ह्यात तिला वाकळ असेही म्हणतात. पुणे–सातारा महामार्गावरील सारोळे हे गाव याच पट्ट्यात, नीरेच्या काठी आहे.

नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांबीचे असते. त्याची चौपदरी घडी घातली, की सुमारे २ मीटर लांबीचे चार थर मिळतात आणि एका माणसाच्या पांघरुणाची लांबी साधते. विरलेला भाग काढून टाकल्यास ही लांबी कमी होते व ठिगळे जोडून भरून काढावी लागते. आतील थरांसाठी धोतरे, परकर व फाटके कपडे आणि बाहेरून त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे, अशी सर्वसाधारण रचना असते.

जमिनीवरील शिवण

सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर थर अंथरून कोपऱ्यांवर वजन ठेवतात व कच्चा दोरा घालतात. त्यानंतर कडा आत दुमडून शिवल्या जातात आणि धावदोऱ्याच्या ओळी कडेने फिरत मध्याकडे सरकतात. काही ठिकाणी ओळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे समांतर घालतात. शिवणारी बाई गोधडीवरच बसते. तिचे वजन, जमिनीचा आधार आणि सुती थरांचे परस्परांतील घर्षण यांमुळे कापड जागेवर राहते. जुने, वारंवार धुतलेले सुती कापड फारसे सरकत नाही, म्हणून ही पद्धत चौकटीवाचून चालते. बंगालची कांथाही अशीच पसरून किंवा मांडीवर घेऊन शिवली जाते.

या पद्धतीत दोन अडचणी असतात. पहिली म्हणजे झोळ: कडा आधी बंद झाल्यामुळे कापडाचा जादा भाग मध्याकडे ढकलला जातो व तेथे फुगवटा येतो. खालच्या थराची चुणी शिवणीत अडकली, तर ती गोधडी उलटी केल्यावरच दिसते आणि तेवढ्या ओळी उसवाव्या लागतात. दुसरी अडचण शरीराची आहे. तासन्‌तास वाकून बसल्याने कंबर, मान व गुडघे दुखतात.

चौकट

मोठ्या चौकटीत दोन लांब दांडे व त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या असतात. दांड्यांवर ठोकलेल्या कापडी पट्टीला गोधडीची दोन टोके टाचतात, उरलेला भाग दांड्यावर गुंडाळतात आणि पट्ट्यांच्या छिद्रांत खुंट्या घालून ताण ठरवतात. इंग्लंडच्या उत्तर भागात, वेल्समध्ये व अमेरिकेत अशा चौकटी घरोघरी होत्या. अमेरिकेत एकाच चौकटीभोवती बसून अनेक स्त्रिया रजई शिवत. जरीकाम व आरीकामाचा अड्डा याच तत्त्वावर चालतो, परंतु त्यावर एकच कापड असते व ते घट्ट ताणलेले असते.

चौकटीवर कच्चे टाके कमी लागतात आणि खुर्चीवर बसून काम करता येते. मात्र ती खोलीची बरीच जागा अडवते व काम संपेपर्यंत हलवता येत नाही.

रिंगची निवड

भरतकामाची रिंग गोधडीला चालत नाही. तिची कडी बारीक व स्क्रू आखूड असल्याने पाच-सहा थर तिच्यात बसत नाहीत. जबरदस्तीने बसवल्यास कडे निसटते. गोधडीसाठी पुढील बाबी पाहाव्यात:

• व्यास: १४ ते १८ इंच सोयीचा. यापेक्षा मोठ्या रिंगच्या मध्यापर्यंत खालचा हात पोहोचत नाही.
• कड्याची उंची: पाऊण ते एक इंच, म्हणजे जाड थरांवर पकड राहते.
• स्क्रू: लांब व हाताने सहज फिरणारा.
• लाकूड: गुळगुळीत, कूस नसलेले. आतील कड्यावर सुती फीत गुंडाळल्यास कापड घसरत नाही व डागही पडत नाहीत.

ज्यांना रिंगचा स्क्रू आवळणे जड जाते, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या नळ्यांची चौकोनी चौकट उपयोगी पडते. तिच्यावर कापड अर्धगोल पकडींनी अडकवतात.

वापर

रिंग वापरायची असेल, तर शिवणीचा क्रम उलटा करावा लागतो. सर्व थरांना आधी सुमारे वितीच्या अंतराने कच्चा दोरा घालतात, कडा उघड्या ठेवतात आणि काम मध्यापासून बाहेर नेतात. त्यामुळे जादा कापड कडेकडे सरकून बाहेर पडते. कडा सर्वांत शेवटी दुमडतात. कडा आधीच शिवलेली गोधडी रिंगमध्ये घेतल्यास जादा कापडाला वाट राहत नाही व चुण्या पक्क्या होतात.

भरतकामात कापड ढोलकीसारखे ताणतात. गोधडीत तसे करू नये. तळहाताने दाबल्यावर मध्यभाग किंचित खाली जाईल इतका सैलपणा हवा. सुई उभी टोचून, खालच्या बोटाला टोक लागताच ती आडवी करून वर काढतात आणि एका वेळी तीन-चार टाके सुईवर घेतात. कापड फार ताणलेले असल्यास सुई झुकत नाही व एकेक टाका घालावा लागतो. सुई ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान घालतात. कडेजवळ रिंग पुरत नसल्यास तेथे जुन्या कापडाची पट्टी तात्पुरती टाचून रुंदी वाढवतात.

काम थांबवताना रिंग काढून ठेवावी. ती तशीच राहिल्यास कापडावर गोल वळ उमटतात व धूळ बसून कायमचे होतात.

जुन्या कापडाची मर्यादा

गोधडीसाठी वापरले जाणारे लुगडे बहुधा विरलेले असते. वरून धड दिसणारे कापड कड्याच्या दाबाखाली सुताच्या रेषेत फाटू शकते; काठ व मधला भाग यांचे विणकाम वेगळे असल्याने काठालगत हा धोका अधिक असतो. त्यामुळे रिंगमध्ये घेण्यापूर्वी कापड उजेडासमोर धरून पाहतात. विरलेले भाग आतल्या थरात ठेवतात किंवा त्यांवर ठिगळ लावतात. आई-आजीचे लुगडे आठवण म्हणून वापरायचे असल्यास जमिनीवरची शिवणच अधिक सुरक्षित ठरते, कारण तिच्यात कापडावर ताण जवळजवळ येत नाही. नव्या सुती कापडाची, मधे कापसाचा थर असलेली रजई मात्र रिंग किंवा चौकटीवर अधिक सफाईदार होते.

हेही पाहा

• दुलई
• कांथा
• भरतकाम
• नऊवारी साडी