तीनशे सहासष्टावा दिवस

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या ‘झून’ या संगीतवादकाचे ३० गिगाबाइटचे नग जगभर एकाएकी गोठले. यंत्रात काही तुटले नव्हते. दोष होता तो त्याच्या आत कायमच्या वसवलेल्या आज्ञावलीत, म्हणजेच फर्मवेअरमध्ये. साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेकडे पाहावे, कारण ती मुळात एका सदोष संहितेची कथा आहे.

घड्याळाची ती आज्ञावली १९८० च्या आरंभापासून उलटलेले दिवस मोजून त्यांवरून साल काढी. शिल्लक ३६५ हून अधिक असेल तोवर एकेका वर्षाचे दिवस वजा करायचे. लीप वर्षी मात्र ती ३६६ हून अधिक असेल तरच. नेमके ३६६ दिवस उरले तर काय, हे कोणी लिहिलेच नव्हते. मग थांबताही येईना आणि वजाही करता येईना. आज्ञावली त्याच ओळींभोवती फिरत राहिली. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी व १ जानेवारीला ग्रिनिचच्या मध्यान्हानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे, असा सल्ला मायक्रोसॉफ्टने दिला. म्हणजे उपाय काय, तर दिवस उलटणे!

लीप वर्षाचा आज रूढ असलेला नियम १५८२ चा. नोव्हेंबर २००६ मध्ये विक्रीस आलेल्या या यंत्राच्या वाट्याला २००८ हे पहिलेच लीप वर्ष आले, हे खरे. परंतु चाचणीत घड्याळ पुढे सरकवायला कितीसा वेळ लागला असता?

या ओळींचा कर्ता कोण, हा प्रश्नही उद्बोधक आहे. त्या चिप पुरवणाऱ्या फ्रीस्केल कंपनीच्या होत्या. पेटीवर नाव मायक्रोसॉफ्टचे होते. एकाने लिहिले, दुसऱ्याने न तपासता स्वीकारले आणि मनस्ताप तिसऱ्याच्या पदरी पडला. पुढे १ मार्च २०१० रोजी सोनीच्या जुन्या ‘प्लेस्टेशन ३’ यंत्रांनी २०१० लाच लीप वर्ष मानले व तीही दिवसभर अडली.

छापील पुस्तकातील चूक वाचकाला दिसते. तो समासात दुरुस्ती करतो, प्रकाशक शुद्धिपत्र जोडतो. फर्मवेअर ही मात्र विकत घेणाऱ्याला वाचताच न येणारी संहिता आहे. जिला वाचक नाही, तिच्या शुद्धतेची काळजी कोणी वाहायची? ग्राहकाच्या संतापामागचा खरा प्रश्न हाच आहे.