पावसाळ्यात उघडलेलं इंजिन

बेळगावच्या मराठी माणसाचा इतिहास म्हटला की आपण लिहितो ते नाटकं, वाचनालयं, शाळा, गणेशोत्सव आणि सीमाप्रश्न. लिहायलाच हवं ते. उद्योगाचा विषय निघाला की किर्लोस्करांचं नाव येतं. १८८८ सालचं सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, मग पालिकेला जागा हवी झाली म्हणून कारखाना उठला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एवढं सांगून झालं की आपण एकदम उद्यमबागेत उतरतो. मधल्या काळात या गावात कुणी हातात पाना धरलाच नाही की काय, असं वाटावं.

मला सांगायचंय ते पावसाळ्यात घरच्या परड्यात ट्रकचं इंजिन उघडण्याबद्दल. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. पण ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी बघितली, कर्जखात्याच्या लेजरमधून आणि आमच्या घरच्या परड्यातून.

आधी गाड्यांबद्दल थोडं. दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कायम असायचा. शेव्हरोलेट, फोर्ड, डॉज, बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या आणि पेट्रोल पाण्यासारख्या पिणाऱ्या. पुढं मद्रासला सिम्सन कंपनी पर्किन्सचं डिझेल इंजिन बनवायला लागली आणि लोकांनी जुन्या गाड्यांतली पेट्रोल इंजिनं काढून त्यांच्या जागी डिझेल बसवली. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. १९६९ पर्यंत त्या गाड्यांवर मर्सिडीजचं नाव होतं. लांब नाकाची, सहा सिलिंडरची, साडेचार लिटरच्या वरच्या इंजिनाची ती गाडी. आमच्याकडं तिला नुसतं 'बेंझ' म्हणत. आता बेंझ म्हटलं की नातवंडांना वेगळंच काहीतरी दिसतं, असो.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. पण गाडीवाल्याच्या दृष्टीनं झालं काय, तर कालपर्यंत कोल्हापूर, सावंतवाडी ही आपल्याच राज्यातली गावं होती, आज ती परराज्यात गेली. परमिटवर दुसऱ्या राज्याची सही आणल्याशिवाय गाडी पुढं नेता येईना. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नॅशनल परमिट आलं, पण ते एका गाडीच्या मालकाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून आमच्याकडचा छोटा गाडीवाला जवळच्या भाड्यावर राहिला. ऊस, जळाऊ लाकूड, विटा, दगड, आणि अनमोड घाट उतरून गोव्याला भाजीपाला. भाडं कमी, रस्ते वाईट, घाट चढताना इंजिनाचे हाल. इंजिनं लवकर झिजायची ती त्यामुळं.

आता बँकेची बाजू. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत छोटा वाहतूकदार अग्रक्रमाच्या कर्जात बसला. त्यामुळं कितीतरी ड्रायव्हर मालक झाले, हे मी स्वतः खाती उघडून दिली म्हणून सांगतो. मात्र कर्ज मिळायचं ते नव्या गाडीला. जुन्या गाडीची आमच्या हिशेबात किंमत दरवर्षी घसाऱ्यानं उतरत जायची. दहा-बारा वर्षांच्या गाडीला तारण म्हणून कोण विचारतो! तिचं इंजिन बसलं तर ते उभं करायला पैसे द्यायची सोय कुठल्या फॉर्मात नव्हती.

बी.कॉम.ला आम्हाला एक प्रश्न हमखास यायचा. इंजिनाची मोठी दुरुस्ती हा महसुली खर्च की भांडवली खर्च? दुरुस्तीनं गाडी पूर्वीसारखी चालली तर महसुली, तिचं आयुष्य वाढलं तर भांडवली. पुस्तकात हे दोन ओळीत संपतं. आमच्या काकांच्या परड्यात ते चार महिने चाललं.

थोरले काका चौदा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. १९७५ मध्ये त्यांनी १९६५ ची एक बेंझ जुनी घेतली, खाजगी फायनान्सवाल्याकडून पैसे उचलून. १९७९ च्या मे महिन्यात गाडी निळा धूर सोडायला लागली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, पण इंजिन लागायचं नाही. ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण काढलं की आतून फुसफुस वाफ वर यायची. म्हणजे रिंगांच्या बाजूनं दाब खाली गळतोय. त्याच वर्षी इराणमधल्या उलथापालथीनं डिझेलचेही वांधे झाले होते. दिवाळीनंतर उसाच्या हंगामात गाडी कारखान्यावर लागली नाही तर हप्ते थकणार, आणि फायनान्सवाला गाडी ओढून नेणार हे उघड होतं. मोठ्या गॅरेजनं सांगितलेला आकडा काकांनी घरात कुणाला सांगितलाच नाही. काकूंनी पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण ठेवून जेवढे आले तेवढंच बजेट.

पावसाळ्याचं गणित असं, की जून ते सप्टेंबर गाडीला धंदाच नसतो. ऊस नाही, विटा नाहीत, खाणी बंद. गोव्यात डिचोली, साखळीकडचे खनिजाचे ट्रकवालेही याच महिन्यांत गाड्या उघडत. वेळ फुकट होता, पैसा नव्हता. तेव्हा जिथं वेळ घालून काम होतं ते घरी, आणि जिथं मशीनच लागतं तेवढंच बाहेर. कुठं एक पैसा सोडायचा नाही आणि कुठं हात आखडायचा नाही, हे ज्याला कळलं त्याची गाडी टिकली.

परड्यात पत्र्याखाली तीन लोखंडी पाईप वर एकत्र बांधून त्याला चेन-पुली लावली आणि इंजिन बाहेर काढलं. शेजारच्या गल्लीतले एक मिस्त्री संध्याकाळी गॅरेज सुटल्यावर येत. दिवसभराचं काम ते आदल्या रात्री सांगून जात आणि काका, त्यांची दोन पोरं नि क्लीनर ते करत. नट-बोल्ट डालड्याच्या डब्यांत रॉकेल घालून भिजत. कुठल्या डब्यात कुठले, याची चिठ्ठी काकू लिहीत. व्हॉल्व्हच्या दांड्या पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं लावलेल्या, कारण ज्या जागची दांडी त्याच जागी परत जायला हवी. बेअरिंगच्या कॅपांवर पंच मारून नंबर. सोप्यावर जुन्या चादरी अंथरून सगळं इंजिन मांडलेलं. "माणसांनी बसायचं कुठं वो?" असं काकू म्हणायच्या, आणि चादर कुणी ओलांडली तर त्याच ओरडायच्या.

सिलिंडर किती झिजलाय हे मोजायचं गेज आमच्याकडं नव्हतं. मिस्त्रींनी जे केलं ते मला फार आवडलं, कारण ते माझ्या प्रांतातलं होतं. एक नवी रिंग घेऊन ती सिलिंडरच्या तळाशी, जिथं पिस्टन घासत नाही तिथं, सरळ बसवली. रिंगेच्या दोन टोकांमधली फट पात्यांच्या फीलर गेजनं मोजली, ०.४५ मिलिमीटर. तीच रिंग वरच्या बाजूला आणली, फट १.४० झाली. फरक ०.९५. ही वाढ परिघातली, म्हणून तिला ३.१४ नं भागायचं. व्यासात झीज ०.३० मिलिमीटर. भागाकार मी वहीत केला. सहाही सिलिंडर असेच मोजले. झीज नेहमी वरच्या टोकाला जास्त का, तर स्फोटाचा दाब नि उष्णता तिथंच, ऑइल तिथं पातळ होतं, आणि रिंग क्षणभर थांबून तिथूनच उलटी फिरते.

आता प्रश्न खरा पैशाचा आला. नुसत्या नव्या रिंगा घालून गाडी उभी करता आली असती, फार स्वस्तात. बरेचजण करायचे. पण झिजलेल्या सिलिंडरच्या वर न झिजलेल्या भागाचा एक काठ राहतो. नवी रिंग त्या काठाला आपटते नि तुटते. मिस्त्री म्हणाले, "रिंगा डालके देता मैं काका, पर दिवाळीके बाद मेरेकू बुलाना नै." काकांनी दोन दिवस विचार केला आणि लायनर, पिस्टन, रिंगा सगळा संच नवा घेतला. पाटल्यांचे अर्ध्याहून जास्त पैसे तिथंच गेले.

क्रँकशाफ्ट उद्यमबागेत ग्राइंडिंगला गेला. साठच्या दशकापासून आपल्या गावात क्रँकशाफ्टचं काम वाढलं, ते मोठ्या कंपन्यांना माल पुरवण्यासाठी, हे खरंच आहे. पण त्याच मशीनवाल्यांमुळं एका गाडीच्या मालकालाही चार मैलांत क्रँक घासून मिळायचा. क्रँक एकदा 'दहा थाऊ' म्हणजे पाव मिलिमीटर घासलेला होता, आता वीस थाऊवर नेला आणि त्या मापाची बेअरिंगं आणली. डिझेल पंप नि नोझल टेस्ट बेंचवरच लावावे लागतात, ते बाहेर दिले. तिथं घरगुती शहाणपण चालत नाही.

बाकी सगळं घरी. हेडमधले बारा व्हॉल्व्ह घरी बसवले. कार्बोरंडमची पेस्ट लावून, रबरी टोकाची काठी दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची, मध्ये मध्ये उचलून जागा बदलायची. एका व्हॉल्व्हला तास गेला तरी चालेल. मग वरून रॉकेल ओतायचं आणि खाली एक थेंब उतरतोय का ते बघायचं. उतरला तर पुन्हा. कार्बन खरवडायला हॅक्सॉचं तुटकं पातं. हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खाली फीलर जातो का बघितलं, वाकलेलं नव्हतं. ऑइल पंप, कॅमशाफ्ट मोजून जुनेच ठेवले. रंगाला एक रुपया नाही.

जोडताना मेन बेअरिंगची एक कॅप घट्ट केली की क्रँक हातानं फिरवून बघायचा, मगच दुसरी. फिरायला जड लागला तर तिथंच थांबायचं. टायमिंगच्या दात्यांवरच्या खुणा दोनदा तपासल्या. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. हा पाना अख्ख्या भागात एकच होता आणि तो चिठ्ठी लिहून फिरायचा.

याला हल्ली लोक 'जुगाड' म्हणतात. मला तो शब्द इथं आवडत नाही. जुगाडात मोजमाप नसतं. इथं पैसा कमी म्हणून मोजमाप जास्त होतं, कारण चुकलं तर दुसऱ्यांदा करायला पाटल्या नव्हत्या.

गणपती झाल्यावर इंजिन गाडीत चढलं. डिझेलच्या फिल्टरमधली एअर काढली. बंद करायची दांडी ओढून धरून आधी नुसता सेल्फ मारला, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मग दांडी सोडली. दोन ठसके देऊन इंजिन लागलं. काकांनी लगेच कान लावला, मिस्त्रींनी ऑइलच्या तोंडाचं झाकण काढून वर तळहात धरला. वाफ नव्हती. पहिले हजार-बाराशे किलोमीटर काकांनी घाट चढवला नाही, निम्मा माल भरला, ऑइल लवकर बदललं, गरम इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळले. भाडं बुडतं म्हणून सगळे बोलले, त्यांनी ऐकलं नाही.

हंगामात गाडी संकेश्वरच्या कारखान्यावर लागली. फायनान्सवाल्याचे पैसे १९८१ मध्ये फिटले आणि पाटल्या त्याच्या पुढच्या वर्षी सुटल्या. १९८६ पर्यंत इंजिन उघडावं लागलं नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हा भांडवली खर्च होता. फक्त तो कुठल्याही ताळेबंदात आला नाही, कारण त्यातला मोठा हिस्सा चार माणसांची चार महिन्यांची मेहनत होती आणि तिचं व्हाउचर नसतं. त्या काळात मी हाताळलेल्या खात्यांत जी माणसं दुसरी गाडी घेण्यापर्यंत पोचली, त्यातल्या बहुतेकांच्या परड्यात अशी एक चेन-पुली होती.

सगळंच गोड होतं असं नाही. रॉकेलनं पोरांच्या हातांना भेगा पडत. जुनं ऑइल वाळवीसाठी म्हणून कुंपणाला ओतलं जायचं, आणि त्याच परड्यात विहीर होती. खडेबाजारातून जाताना आपण सगळ्यांनी तो निळा-काळा धूर खाल्लाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या त्याचं मला वाईट वाटत नाही. काकांच्या नातवाकडं आज दोन गाड्या आहेत. डॅशबोर्डावर दिवा लागला की कंपनीचा माणूस लॅपटॉप लावतो, मग कळतं काय झालंय ते. पावसाळ्यात गाडी उभी असली तरी बोनेट उघडून करण्यासारखं फार काही त्याच्या हातात नाही. हप्ता मात्र बारा महिने जातो.

काकांची ती वही माझ्याकडं आहे. सहा सिलिंडरची मापं, लायनरच्या दुकानाची पावती, डब्यांच्या नंबरांची काकूंच्या अक्षरातली यादी. शहापूर, अनगोळ, खानापूर, डिचोली, कुठंही कुणाच्या घरी असली वही, जुनं आरसी बुक किंवा परड्यातल्या इंजिनाचा फोटो असेल तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन बघेन. गुडघे दुखतात, पण तेवढं येईन.