बुलढाणा जिल्हा आणि आधुनिक चित्रकला : संस्थांच्या परिघावरील एक प्रदेश

बुलढाणा जिल्ह्याच्या कलाजीवनाचा विचार करू लागताच एक विसंगती नजरेत भरते. अजिंठ्याची लेणी या जिल्ह्याच्या सरहद्दीपासून फारशी दूर नाहीत. तथापि त्यांच्या पुनःशोधातून ज्या संस्थांचे पोषण झाले, त्या सर्व अन्यत्र होत्या. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केलेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांसह हेच कार्य पुन्हा आरंभिले. लेणी निजामाच्या मुलखात, शाळा मुंबईत आणि चित्रे लंडनला, अशी ती वाटणी होती. १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली असलेल्या वऱ्हाडाचा तीत कोठेच वाटा नव्हता.

कापसाची गोष्ट मात्र निराळी. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्येच सुरू झाला. सरकी काढलेल्या रुईसाठी जी तत्परता राज्यकर्त्यांनी दाखविली, तिचा शतांशही कलाशिक्षणाच्या वाट्यास आला नाही, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

कला लोकांपर्यंत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न या परिसरात झाला तो राजकारणाच्या द्वारे. डिसेंबर १९३६ मध्ये लगतच्या पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी तेथील नगररचनेची सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सिद्ध केली. चित्र हे चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगावयाची वस्तू नव्हे, हे शेतकऱ्यास तेथे प्रत्यक्ष दिसले. खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय ही ज्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीची खूण, तिच्याशी या दृष्टीचे नाते उघड आहे. परंतु अधिवेशन आटोपले, मांडव उतरले. मागे कायम स्वरूपाची संस्था उरली नाही.

वऱ्हाडची राजधानी तेव्हा नागपूर होती. त्यामुळे होतकरू चित्रकाराची पहिली दिशा पूर्वेची. मंडला जिल्ह्यात जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९ मध्ये नागपूरच्या कलाशाळेत आले आणि १९४३ मध्ये मुंबईस गेले. अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे हरी अंबादास गाडे (१९१७-२००१) हे मूळचे विज्ञानाचे पदवीधर. तेही १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत होते. या बंडखोर गटाचा तिसरा हिस्सा अशा रीतीने मध्यप्रांत-वऱ्हाडाने पुरविला. मुंबईचा कलेतिहास लिहिणाऱ्यांनी या गोष्टीची द्यावी तितकी दखल घेतलेली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि बुलढाण्याची दिशा पश्चिमेकडे वळली. जहांगीर कलादालन १९५२ मध्येच उघडले होते. १९६५ मध्ये महाराष्ट्राचे स्वतंत्र कला संचालनालय अस्तित्वात आले. मात्र जिल्ह्यातील सामान्य विद्यार्थ्यास ही राज्यव्यवस्था भेटली ती कलादालनाच्या रूपाने नव्हे, तर एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांच्या रूपाने. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांच्या सरावातून मुलाचा हात वळविणारा शाळेतील चित्रकला-शिक्षक हीच येथील खरी कलासंस्था होय. त्याच्या कार्याच्या नोंदी शाळांच्या दप्तरांत विखुरलेल्या असून, जिल्ह्याच्या कलेतिहासाचे संशोधन तेथूनच सुरू करावे लागेल.