लारापिंटा : घळयांच्या मुलुखातील पायवाट

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, अॅलिस स्प्रिंग्स शहराच्या पश्चिमेस मॅक्डॉनेल पर्वतरांगा पसरल्या आहेत. त्यांच्या कण्यावरून जाणारी सुमारे २३० कि.मी. लांबीची लारापिंटा पायवाट २००२ मध्ये पूर्ण झाली. शहरातील जुन्या तारघरापासून निघून, बारा टप्पे ओलांडून ती १,३८० मीटर उंचीच्या माउंट सॉन्डर शिखरावर संपते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन असे रानातून चालण्यास तेथे ‘बुशवॉकिंग’ म्हणतात. संपूर्ण वाटेस साधारणतः बारा ते वीस दिवस लागतात. हा प्रदेश अरेन्टे या आदिवासी समाजाचा असून वाटेचे नावही फिंक नदीच्या त्यांच्या भाषेतील नावावरून आले आहे.

नद्यांनी या रांगा आडव्या कापल्यामुळे सिम्प्सन्स गॅप, ह्यू, ऑर्मिस्टन, रेडबँक अशा घळया निर्माण झाल्या. स्टँडली चॅझम तर इतकी अरुंद आहे की तिच्या सुमारे ८० मीटर उंच भिंतींवर थेट ऊन केवळ मध्यान्ही पडते. त्या अल्प वेळात खडक निखाऱ्यासारखा लाल दिसतो.

सह्याद्रीत भटकंती करणाऱ्यास पावसाळ्यात पावलोपावली ओढे भेटतात. येथे गणित उलटे आहे. नदीचे पात्र बहुधा कोरडी वाळू असते आणि पिण्याचे पाणी ठरावीक ठिकाणच्या टाक्यांतच मिळते. तेही शुद्ध करूनच प्यावे लागते. ह्यू घळईपासून एलरी ओढ्यापर्यंतचा टप्पा सुमारे ३१ कि.मी.चा, उघड्या माळाचा आहे. त्यापूर्वी प्रत्येक बाटली भरून घेणे हाच शहाणपणा. दमलेला माणूस ओझे कमी करण्यासाठी प्रथम पाणीच ओतून देतो, आणि नेमके तेच जिवावर बेतते.

पाणी असते तेथेही सावधगिरी हवी. सावलीतील डोह हिवाळ्यात बर्फासारखे थंड असतात. पावसानंतर ह्यू घळईत कमरेइतक्या, क्वचित पोहून जावे लागेल इतक्या पाण्यातून वाट काढावी लागते. सामान जलरोधक पिशवीत नसेल, तर रात्री झोपण्याची पिशवी ओली आणि तापमान शून्याखाली, असा प्रसंग ओढवतो. आकाशात ढग दाटले असताना नदीपात्रात तंबू ठोकू नये, हे वेगळे सांगावयास नकोच.

चालण्याचा योग्य काळ मे ते ऑगस्ट, म्हणजे तेथील हिवाळा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. पायाखाली धारदार क्वार्ट्झाइट असतो. नव्या बुटांची परीक्षा तेथे घेऊ नये. मैदानात तासाला चार कि.मी. चालणाऱ्याची गती घळईतील धोंड्यांवर निम्म्याहून कमी होते. मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही, म्हणून उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठविणारे उपकरण जवळ बाळगतात. मुक्कामाची नोंदणी आधी करावी लागते. शिधा काही ठिकाणी कुलूपबंद कोठीत आगाऊ ठेवता येतो, मात्र स्वयंपाकाच्या गॅसची डबी विमानातून नेता येत नसल्याने ती अॅलिस स्प्रिंग्समध्येच घ्यावी.

कष्टांची भरपाईही आहे. पहाटे खडकांवर काळ्या पायांच्या वॉलबी ऊन खात बसतात. सावलीच्या कपारींत, पुरातन ओलसर हवामानाच्या खुणा असलेले सायकॅड वृक्ष तग धरून आहेत.

अखेरच्या दिवशी पुष्कळजण रात्रीच बॅटरीच्या उजेडात माउंट सॉन्डर चढू लागतात आणि सूर्योदयाला माथा गाठतात. तेथून त्याच वाटेने रेडबँक घळईपाशी उतरावे लागते. परतीचे वाहन अगोदर ठरवलेले नसेल, तर त्या कच्च्या रस्त्यावर दुसरे मिळण्याची शाश्वती नसते.