अडलेली वाट आणि पेशींचा संवाद

लघवी अडणे हे मानवाच्या अतिप्राचीन दुखण्यांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत, आणि मूतखडा काढण्याची शस्त्रक्रियाही याच संहितेत वर्णिली आहे. ‘वाट अडली असेल तर ती मोकळी करा’ हा विचार शतकानुशतके टिकला, आणि तो चुकीचाही नव्हता. तरीही एक प्रश्न उरतोच. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे आलेला अडथळा शस्त्रक्रियेने दूर केल्यानंतरही काही रुग्णांना लघवीची अनावर घाई का होत राहते?

उत्तराचा पहिला धागा अठराव्या शतकात सापडतो. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवले की, मूत्रमार्ग अरुंद झाला म्हणजे मूत्राशयाला अधिक जोर लावावा लागतो आणि त्याच्या भिंतीतील स्नायू बळकट होत जातो. अडथळा मार्गात असला तरी बदल मूत्राशयात घडतो, हे त्यातून दिसले. मात्र असा बळावलेला स्नायू वेळी-अवेळी आकुंचन का पावतो, हे कळण्यासाठी पेशी एकमेकींशी कसा संवाद साधतात हे आधी उमगावे लागले.

त्या शोधाची सुरुवात मूत्राशयापासून फार दूर झाली. १९५९ मध्ये फर्शपन आणि पॉटर यांनी क्रेफिश या जलचराच्या चेतापेशींत विद्युतसंदेश रासायनिक दूतावाचून थेट शेजारच्या पेशीत जातो, असे दाखवले. १९६४ मध्ये लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी फळमाशीच्या कुळातील एका माशीच्या लाळग्रंथीत हाच थेट मार्ग पाहिला. एका पेशीत सोडलेले रंगद्रव्य शेजारच्या पेशींत पोहोचले. पेशींना जोडणाऱ्या या सूक्ष्म मार्गांना पुढे ‘गॅप जंक्शन’ हे नाव रूढ झाले. ते ज्या प्रथिनाचे बनतात त्याला १९७४ मध्ये गुडइनफ यांनी ‘कनेक्सिन’ म्हटले. सहा कनेक्सिन रेणूंचे एक कडे होते. शेजारच्या पेशीतील तसेच कडे त्याला येऊन भिडले की आरपार वाट तयार होते. तिच्यातून आयन आणि लहान रेणू ये-जा करतात. १९८७ मध्ये उंदराच्या हृदयातील कनेक्सिन-४३ ची जनुकीय रचना उलगडली. नावातील ४३ हा आकडा त्याच्या सुमारे ४३ हजार डाल्टन रेणुभारावरून आला आहे.

मूत्राशयाकडे लक्ष वळले ते त्यानंतर. १९९३ मध्ये एलबदावी आणि सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या अतिक्रियाशील मूत्राशयाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा स्नायुपेशींमध्ये एरवी न दिसणारे निकट जोड आढळले. २००३ मध्ये क्राइस्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मूत्रमार्गात अंशतः अडथळा निर्माण केला. त्यांच्या मूत्राशयात कनेक्सिन-४३ वाढलेले होते. पेशींमधील वाटा वाढल्या की एका पेशीची किरकोळ हालचाल शेजारणींत पसरू शकते आणि स्थानिक थरथर साऱ्या मूत्राशयाचे आकुंचन होऊ शकते. २०१२ मध्ये क्योतो विद्यापीठातील संशोधकांना याची दुसरी बाजू दिसली. हे प्रथिन कमी असलेल्या उंदरांच्या मूत्राशयात एका वेळी अधिक लघवी साठत होती. शिवाय प्रथिनाचे प्रमाण शरीराच्या दैनंदिन घड्याळाबरोबर कमी-अधिक होत होते.

मग हे प्रथिन रोखणारे औषध दिले की काम झाले, असे वाटेल. परंतु हृदयाचे ठोके एका तालात पडण्यासाठीही हेच कनेक्सिन-४३ लागते. मूत्राशयाला शांत करताना हृदयाला धक्का लागता कामा नये, ही खरी अडचण आहे. शिवाय उंदरात दिसलेले माणसात तसेच घडेल, असे गृहीत धरता येत नाही.

तरीही या इतिहासाने विचाराची दिशा बदलली. अडथळा म्हणजे केवळ तुंबलेली नळी नव्हे. त्याच्याशी झुंजताना मूत्राशय स्वतःच बदलते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही त्रास होणाऱ्या रुग्णाची तक्रार मनाचा खेळ समजून झटकून टाकू नये. वाट मोकळी झाली, तरी तिच्यासाठी झगडलेल्या पेशी लगेच पूर्ववत होतीलच असे नाही.