पहिल्या दिवशी पाच मिनिटं

पेण-रोह्यात आमच्या बचत गटांच्या बैठकीत व्यायामाचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं, "ताई, दिवसभर राबतो तेच पुरे. व्यायाम आपल्यासारख्यांचा नव्हे." आम्हीही तेच म्हणायचो. आज आपल्याच पेण तालुक्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

विनोबा भावे १८९५ साली गागोद्याला जन्मले. प्रकृती तोळामासा. तरुणपणी वाईला शिकताना ती सुधारावी म्हणून ते मैलोन्‌मैल चालले, सूर्यनमस्कार घातले, जात्यावर सहा-आठ शेर धान्य दळलं. त्या दळण्याला त्यांनी व्यायाम म्हटलं. आपल्या आज्या जन्मभर दळत होत्या. त्याला व्यायाम कुणी म्हटलं नाही, त्यांनी स्वतःही नाही. आता जातं गेलं, चक्की आली. "व्यायाम आपला नव्हे" हा विचार मात्र घरात तसाच राहिला.

१९३८ मध्ये विनोबांचं वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आलं. पवनारला जाताना त्यांनी आधी मनावरचं कामांचं ओझं उतरवलं. मग शेतात खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. वाढवत वाढवत दोन तास. वजन भरलं. पुढे १९५१ साली, ५५व्या वर्षी, भूदानासाठी निघाले ते १३ वर्षं देशभर पायी फिरले.

आमच्या गटातल्या साखरेचा त्रास असलेल्या एक काकू आता बैठकीला रिक्षाने येत नाहीत. "मी चालणारी बाई आहे," म्हणतात. तुम्हीही उद्या पाच मिनिटांनी सुरुवात करा.